करीच्या दिवशी ग्रहण

सुकेशनी : त्रेचाळीस कार्डं आहेत, आजी. नववीचा पट त्रेचाळीस, भिंतीवर कार्डंही त्रेचाळीस. शाळेच्या रजिस्टरात यातल्या एकोणीस जणांचा जन्म एक जूनचा आहे. म्हणून विज्ञान दिनाला सांगितलं, घरी विचारून खरा दिवस आणा.

कडूबाई : मला बाकीच्याचं काय करायचंय? माझ्या नातीचं, अर्पीचं, तेवढं काढून द्या.

सिताराम : एक जून आधीच्या मास्तरांनी लिहिलंय बरं का, मावशी. तवा शाळा उघडली की लेकरू जन्मायचं.

सुकेशनी : सिताराम भाऊ, शाळेच्या क्लार्कनं तरी हसू नये.

कडूबाई : पोरायला गणित शिकवायचं सोडून हे कशाला?

सुकेशनी : त्यातच गणित येतं. आपण कुठल्या दिवशी जन्मलो, त्या दिवशी कुणाची जयंती, काय घडलं होतं, ते शोधायचं. भक्तीचा दिवस सतरा सप्टेंबर निघाला. तिनं सगळा मुक्तिसंग्राम वाचून काढला. अर्पितानं तर सगळ्यांत चांगलं लिहिलंय. 'मी संक्रांतीच्या करीला जन्मले. त्या दिवशी सूर्याला ग्रहण होतं. आजीनं आईला विळीला हात लावू दिला नाही.' हे तुम्हीच सांगितलं ना तिला?

कडूबाई : मीच. तिच्या मायला काय आठवतंय, ती कण्हायलती नुसती.

सुकेशनी : सकाळचं होतं का ग्रहण?

कडूबाई : दुपारचं. ऊन आसं फिक्कं पडलं, आजाऱ्याच्या तोंडावानी. मी रांजणात तुळशीचं पान टाकलं. पोरगी झाली तवा गिऱ्हान सुटत आलतं. तीन वाजायला आले आसतील. माझ्या ध्यानातून काई जात न्हाई, बाई.

सुकेशनी : मी सेलूला होते, तिसरीत. एक्स-रेच्या फिल्ममधून बघितलं होतं ते.

कडूबाई : गिऱ्हान काय दरसाली लागतंय.

सुकेशनी : लागतं. पण करीच्या दिवशी, भर दुपारी, आपल्याकडं दिसलेलं इतक्या वर्षांत एकच. पंधरा जानेवारी दोन हजार दहा. म्हणून कार्डाखाली मी साल लिहिलं.

कडूबाई : तेच नडलं. येणारा जाणारा वाचायलाय. आन् तुमच्याच शाळेच्या कागदावर सात साल हाय की.

सुकेशनी : कुठल्या कागदावर?

सिताराम : मावशी, चहा मागवू का?

सुकेशनी : कुठल्या कागदावर, सिताराम भाऊ?

सिताराम : बोनाफाईड. मागच्या हप्त्यात दिलं. सही मोठ्या सरांची हाय, मी निस्तं लिहिलं.

सुकेशनी : प्रवेशाचं रजिस्टर दाखवा.

सिताराम : ते सरांच्या घरी हाय.

सुकेशनी : रजिस्टर घरी?

सिताराम : मॅडम, तुम्हाला इथं येऊन सात महिने झाले. खामखा कशाला. द्या काढून.

कडूबाई : लिंबाजीच्या माडीवर ऱ्हाता न्हवं तुमी? एकट्याच. चांगला माणूस हाय लिंबाजी. नवरदेवाचा चुलताच लागतो. परवा म्हणत होता, मॅडमची स्कुटी रातभर आंगणात उभी आसती, मीच ध्यान ठिवतो.

सुकेशनी : लग्न कधी आहे?

कडूबाई : आखितीला. लय दिवस हायेत आजून. या तुमी जेवायला.

सुकेशनी : अर्पिता सोमवारपासून शाळेत नाही.

कडूबाई : जिंतूरला आत्याकडं गेली.

सुकेशनी : आजी, तुमच्या हाताला हळद लागलीय.

कडूबाई : लोणच्याची हाय.

सुकेशनी : मार्चची पाच तारीख आज. कैरी कुठं आली?

(कडूबाई हात पदराखाली घेते.)

कडूबाई : लिंबाचं घातलं.

सुकेशनी : मनगटापर्यंत?

कडूबाई : हे बघ लेकरा. तिला बाप न्हाई. माय सहा महिने ऊस तोडायला कारखान्यावर. माझी सत्तरी झाली. उद्या मी गेले तर पोरगी कुणाच्या दारात सोडू? तुझ्या ह्या भिंतीवर टाचू?

सुकेशनी : तिला विचारलं?

कडूबाई : मला कुणी इचारलं होतं? मी तर दुधाचे दात पडायच्या वयात नांदायला आले ह्या गावात. कार्ड दे.

सुकेशनी : घ्या.

कडूबाई : शानी हायेस. लिंबाजीला सांगते, मॅडम समजूतदार हाय म्हून.

सिताराम : बरं केलंत, मॅडम. गेली एकदाची म्हातारी. मामला मिटला.

सुकेशनी : आज हळद. म्हणजे अक्षता उद्या.

सिताराम : मला नका इचारू.

सुकेशनी : हो की नाही, एवढंच सांगा.

सिताराम : उद्या. जिंतूरलाच, आत्याच्या दारात. साडेअकराला. फोन कुणाला लावायलात?

सुकेशनी : एक शून्य नऊ आठ. मुलांच्या हेल्पलाइनला.

सिताराम : रातच्याला त्याच माडीवर जायचंय तुम्हाला.

सुकेशनी : माहीत आहे.

सिताराम : माझं नाव येईल का त्यात?

सुकेशनी : विचारलं तर सांगेन. हॅलो. मी शाळेतून बोलतेय, शिक्षिका. माझ्या वर्गातल्या मुलीचं उद्या जिंतूरला लग्न आहे. सकाळी साडेअकराला. नाही, कागदावर दोन हजार सात आहे, तो कागद खोटा. जन्म पंधरा जानेवारी दोन हजार दहाचा. हो, मोजलंय. उद्या सहा मार्चला पंधरा वर्षं, एक महिना, एकोणीस दिवस.