पुढचे दोन नवे

पहिला बर्फ पडला आणि फिनलंडमधल्या सोडान्क्युला गावातल्या टायरच्या दुकानात रांग लागली. व्हेइक्कोने लेकीच्या गाडीला पुढे दोन नवे टायर बसवून दिले, ती निघूनही गेली. आता आपल्या गाडीची वाट बघत तो कॉफी घेऊन बाकावर बसला होता. शेजारी एक म्हातारं जोडपं हळू आवाजात भांडत होतं.

"चार स्वस्तातले घेण्यापेक्षा दोन उत्तम घेऊ. मासिकातल्या चाचणीत पहिले आलेत."

"आणि मागे?"

"मागे जुनेच. गाडी ओढतात पुढची चाकं. मागच्यांना काम काय?"

"रेइनोच्या गाडीलाही तसेच होते. पुढे नवे, मागे जुने."

"पोराचं नाव इथे कशाला काढतेस?"

"पुढची चाकं रस्ता घट्ट धरून राहिली होती. तळ्याच्या वळणावर मागची बाजूच फिरून पुढे आली."

"हेल्वी, पुरे."

"ब्रेकवर पाय नुसता टेकवला होता रे त्याने."

"पुरे म्हणतो ना!"

"ते दोनच टायर कुणी घेऊन दिले, हे मी कधी बोलले का तुला?"

म्हाताऱ्याने काउंटरवरच्या दुकानदाराकडे बोट दाखवलं.

"चार सांग त्याला."

व्हेइक्कोने कॉफी खाली ठेवली. लेकीला फोन लावला.

"आइली, कुठे पोचलीस?"

"तळ्यापाशी, बाबा. काय टायर घेऊन दिलेत हो! बर्फ आहे असं वाटतच नाही. वळणावरसुद्धा वेग कमी करावा लागत—"