बदक म्हनते येजो

(सन २००६. आंजी मोठीतलं किराणा दुकान आणि त्याला लागून चार कॉम्प्युटर मांडलेली खोली. दुपारचे तीन वाजून गेलेले.)

अंजू : आधी पुरं ऐकून तर घ्या बाबा. पिशवी मंग ठेवा.

पुंडलिकराव : पिशवी हातात धरून किती वेळ उभा राहू? तुह्या आत्यानं लोनचं देल्लं आहे, तेल गळून राह्यलं. आन ऐकाचं काय उरलं आता? बंडूजी टेम्पो घेऊन निंघालाच असन जामच्या चौकातून. चारही मशीन त्याच्या टेम्पोत चढवाच्या, खोली झाडाची, आन सरकीच्या ढेपीचे पोते इथं लावाचे. पुलगावच्या लग्नात मी त्याले मशीन विकतो म्हनून शब्द देऊन बसलो.

अंजू : मले न इचारता.

पुंडलिकराव : तुले काय इचारू? मी आठ दिवसाआधी घरून निंघालो तवा या खोलीत चिटपाखरू नव्हतं. दोन महिने झाले होते. त्याच्या आधी गावातले पोट्टे शाळा सुटली का दप्तर घेऊन सीधे इथं. बाहेर ओट्यावर चपलाचा ढीग. तूच त्यायची मोटारची गेम काढून फेकली.

अंजू : मी नाई, पेपरनं काढाले लावली. कॉपी मारलेल्या सीड्यायवर धाडी पडून राह्यल्या, मशीन उचलून नेऊन राह्यले, हे बातमी तुमीच गल्ल्यावर बसून मोठ्यानं वाचली. आपल्या चारही मशीनमधलं झाडून सारं कॉपीचं होतं. कोनी खाकी शर्ट घालून दुकानात आलं का मी पहिले खोलीचा पडदा ओढून घेओ. एकदा तर तो बिचारा पोस्टमन होता.

पुंडलिकराव : आन त्या पोस्टमननंच ते दुसरी भानगड आनली.

अंजू : भानगड नाई, लिनक्स. विंडोजच्या जागी मशीन चालवते ते.

पुंडलिकराव : नाव काही असो. तीस वर्सं झाले मले या गल्ल्यावर. फुकट देनारा मानूस काही तरी खपवाले आलेला असते. सात समुद्रापलीकडून सीडी पाठोते, टपालखर्च बी त्याचाच. काऊन? आपला सोयरा लागते का तो?

अंजू : फुकटची नाई बाबा, मोकळी आहे ते. कशी सांगू तुमाले. मोटारची गेम म्हनजे झाकन खिळे ठोकून बंद केलेला डब्बा. आत काय आहे ते पाहाचं नाई, दुसऱ्याले द्याचं नाई, देल्लं तर तुमी चोर. हे मोकळीवाली उघडा, पाहा, आपल्या मनासारखी करा, गावभर वाटा. कोनी काही म्हनत नाई. उलट म्हनते, वाटा.

पुंडलिकराव : मोकळी होती तर मंग दोन महिने खोली बी मोकळीच काऊन होती?

अंजू : तेच तर तुमाले सांगून राह्यली न मघापासून. माही चुकी होती. लिनक्समंधली कोनतीच नाई, माहीच. बसा तरी.

पुंडलिकराव : बसलो. सांग.

अंजू : त्या सीडीसंगं एक गेम आलती. बर्फाचा डोंगर, त्याच्यावरून एक काळं-पांढरं पाखरू पोटावर घसरत खाली येते. रस्त्यातले मासे गोळा कराचे आन झाडावर आदळाचं नाई, बस. गेम मस्त, पन सगळं इंग्रजीत. मले वाटलं, आपल्या पोट्ट्यायसाठी मराठीत करू. मोकळी आहे म्हनून होते ना ते. बसली रात्रभर, शब्दकोश घेतला, आन गेम संपली का तिथं लिहिलं, "खेळ समाप्त".

पुंडलिकराव : बराबर तर आहे. शुद्ध आहे.

अंजू : शुद्धच नडलं. पोट्टे खेळले, पाखरू झाडावर आदळलं, "खेळ समाप्त" आलं, आन सगळे उठून घरी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून आलेच नाई. मले वाटे, त्यायले मोटारच पाहिजे. तुमाले बी तसंच वाटे. तुमी पुलगावले गेले त्याच दिवशी सीताबाई गूळ घ्याले आली, आन म्हनते कशी, तुमची मशीन दुरुस्त झाली का वं? मी म्हनलं, बिघडली कवा? तं म्हने, माही आचल रडत आलती, तिच्या हातून खराब झाली म्हने, मशीननंच लिहून देल्लं समाप्त म्हनून.

पुंडलिकराव : हात्तीच्या.

अंजू : आन बाकीचे? टीव्हीवर पिक्चरच्या शेवटी "समाप्त" आलं का मानूस चपला शोधते का नाई? हे बी तसेच उठले. त्यायले वाटलं, पिक्चर एकच होता, पाहून झाला. दोन महिने बाबा, एका शब्दापायी.

पुंडलिकराव : मंग?

अंजू : मंग काय, गूळ मोजला आन तशीच इथं येऊन बसली. फाईल उघडली, समाप्त खोडलं, आपल्या घरात बोलतो तसं लिहिलं. आचलले बोलावून आनलं. तिनं इचारलं, हे पांढरं काय आहे? म्हनलं बर्फ. तं म्हने, बर्फ तं लाल-हिरवा असते. तिनं बर्फ पाह्यला तो गोळ्याच्या गाडीवरचा. मंग तीच म्हने, हा कापूस आहे, जिनिंगच्या कारखान्यातली गंजी. म्हनलं ठीक आहे बाई, कापूस. नाव बदललं, "कापसावरची घसरगुंडी". पाखराले ते बदक म्हनते, म्हनून बदक. आन दुसऱ्या दिवशी बाबा, मले शटर पुरं उघडू देल्लं नाई त्यायनं. ओट्यावर चपला, पायरीवर चपला. महादेवराव बैलाची पेंड घ्याले आले ते पाऊन घंटा बदक घसरवत बसले. सीताबाई सगळ्यायच्या पुढं आहे, तिच्याएवढे मासे कोनाचेच नाई. आन तुमी म्हनता ढेपीचे पोते लावू.

पुंडलिकराव : आज कुठं गेले मंग सगळे?

अंजू : शाळेत. साडेचारले पाहा. लोडशेडिंगची लाईन सहाले येते, पन नंबर लावाले आधीच ओट्यावर येऊन बसते.

पुंडलिकराव : साडेचारले टेम्पो वर्धेच्या रस्त्याले लागला राहीन. पाह्य अंजू, तू सांगतलं ते मी ऐकलं. मले बरं बी वाटलं. पन चार मानसात देल्लेला शब्द आहे. दुकानदाराचा शब्द गेला तं मांघं काय राह्यते? पडदा बाजूले कर, टेम्पोच आहे वाटते.

बंडूजी : राम राम, पुंडलिकराव. लग्नाची भूल उतरली का नाई?

पुंडलिकराव : या बंडूजी, या. हे माही अंजू. अंजू, हे जामच्या चौकातले, टायरवाले.

बंडूजी : टायरवाले आज तक. पुढच्या महिन्यापासून गेमवाले. ट्रक पंचरले लागला का ड्रायव्हर दोन घंटे काय करते बेटी, माशा मारते. म्हनलं खोली काढू. दोन मशीन घेतल्याबी, तं वायरसनं मेल्या. मेकॅनिक म्हने, आतली डिस्क गेली, दोन्ही बाद. टेम्पोतच आहे, वर्धेत भंगारवाल्याले देतो. तुमच्या चार आता नवऱ्या मुलीसारख्या नेतो. लाईन कवा जाते तुमच्याकडे?

पुंडलिकराव : चारले.

बंडूजी : म्हनजे वीस मिनिट आहे. चालू हाये का ते पाहू तं द्या.

अंजू : बसा काका. हे बानाचे बटन दाबले का बदक वळते. मासे गोळा कराचे.

बंडूजी : अच्छा. कापसाच्या गंजीवरून? वा रे वा. हमाल सोडून बदक लावलं जिनिंगवाल्यानं. हे गेलं, हे गेलं, अबे झाड काऊन आलं मधातच. आदळलं. आता काय लिहून आलं? माहा चष्मा टेम्पोत राह्यला. वाचा जरा पुंडलिकराव.

पुंडलिकराव : "पडलं का? काई हरकत नाई. येजो."

बंडूजी : येजो?

पुंडलिकराव : येजो लिहिलं आहे.

बंडूजी : मले? बंडूजीले येजो? अरे, चौकातला हवालदार मले जी लावते, आन हे दोन पायाचं बदक मले लेकरावानी येजो म्हनते. हे कोन्या कंपनीचं आहे?

पुंडलिकराव : मनावर घेऊ नका बंडूजी. मशीन आहे, तिले काय समजते. पोट्ट्यायसाठी लिहिलेलं आहे ते. अंजू, बंद कर.

अंजू : एक मिनिट काका. उठू नका. फक्त एक मिनिट.

बंडूजी : काय करून राह्यली हे?

अंजू : आतली अक्षरं उघडली. हे पाहा, इथं येजो. हे खोडलं. आता खेळा पुन्हा. मुद्दाम आदळवा.

बंडूजी : मुद्दाम काऊन, मले तसंही वळवता येत नाई. हे पाह्य, गेलंच झाडात. वाचा पुंडलिकराव.

पुंडलिकराव : "पडले का बंडूजी? काई हरकत नाई. येजा."

बंडूजी : पुन्हा वाचा.

पुंडलिकराव : "पडले का बंडूजी?"

बंडूजी : माहं नाव आहे? टीव्हीवानी, काचेवर?

अंजू : तुमचंच. कोन्या कंपनीले अर्ज केला असता काका, तं या जन्मी झालं नसतं हे. हे मोकळं आहे म्हनून झालं.

बंडूजी : क्या बात है. म्हनजे ट्रकवाला आला पंजाबचा, तं त्याच्या बोलीत बी होईन?

अंजू : तो सांगन तसं लिहून देईन. तमिळवाला आला तं त्यालेच लिहाले बसवू.

पुंडलिकराव : अंजू, झालं ते झालं. आता वायरी काढ. बंडूजीले वर्धा गाठाची आहे.

अंजू : काढते. पन काका, तुमच्या त्या मेलेल्यायतली एक खाली आना ना. बारा मिनिट आहे लाईनले.

बंडूजी : अवं, मेकॅनिकनं हात टेकले तिच्यापुढं.

अंजू : माही सीडी डिस्कवर चढवावी लागत नाई. सीडीवरूनच मशीन उठते. तिची डिस्क गेली तं गेली. उठली नाई तं मी सोता या चार टेम्पोत ठेवून देईन, एक शब्द बोलनार नाई. बाबाचा शब्द खाली पडू देनार नाई.

पुंडलिकराव : आना बंडूजी. पोरगी इतकी म्हनून राह्यली तं आना. मी धरतो एका बाजूनं.

बंडूजी : संभाळून. हे घे. धूळ पाह्य केवढी. ट्रकचा धूर बसला आहे आतपर्यंत.

अंजू : पुसून घेते. ही वायर इकडं. सीडी टाकली. आता थांबाचं.

बंडूजी : काळंच आहे.

अंजू : थांबा.

पुंडलिकराव : घड्याळात चारले आठ मिनिट कमी आहे.

बंडूजी : पेपरात वाचलं मी, पुढं म्हने फोनमधीच कॉम्प्युटर येनार आहे. मंग या डब्ब्यायले कोन इचारन?

पुंडलिकराव : फोनवर बोलाव का खेळाव? पेपरवाल्यायले काय, जागा भरून काढाची राह्यते. हे काय हालून राह्यलं काचेवर?

अंजू : अक्षरं आले. बाबा, अक्षरं आले. घरघर ऐकू येते का? सीडी वाचून राह्यली ते. चालू द्या, हात लावू नका कोनी.

बंडूजी : चार मिनिट उरले.

अंजू : रंग आला. पाहा, रंग आला.

बंडूजी : आयला, बान हालून राह्यला. उठली न हे. मेकॅनिकनं भंगारात काढली आन हे उठून बसली.

अंजू : दुसरीबी उठन. बदकवाली सीडी बनवून देते, सीडी टाकली का बदक आलंच. तुमच्यापाशी गेलं तरी माह्यापासलं जात नाई, ढेप थोडी आहे ते. पैसे नाई, काही नाई. फक्त कोनी मांगलं तं तुमीबी द्याचं, एवढंच.

बंडूजी : हे घ्या, लाईन गेली.

अंजू : जाऊ द्या. उठली ते पाह्यलं ना तुमी?

बंडूजी : दोन्ही डोळ्यानं पाह्यलं. पुंडलिकराव, माह्या खोलीत दोनच मावते. त्या मेल्या म्हनून मी तुमच्या नेत होतो, दोन लावाले आन दोन बिघडल्या तं बदलाले. आता तुमच्यावाल्या नेऊन का डोक्यावर ठेवू?

पुंडलिकराव : मी मांघं सरून नाई राह्यलो बंडूजी. तुमी म्हनान तं आत्ता चढवतो.

बंडूजी : मले मालूम आहे. म्हनूनच मी सांगतो. तुमचा शब्द तुमाले वापस. मोकळे झाले तुमी. फक्त हे पोरगी आयतवारी जामले आली पाहिजे, दुसरी उठवाले. आन बेटी, ते माहं नाववालं वाक्य खोडशीन नको, तसंच राहू देजो. ड्रायव्हर लोकायले दाखवतो.

अंजू : नाई खोडत काका. एवढी मशीन इथंच ठेवून जा, सहाले लाईन आली का बदकवाली सीडी त्यात चालवून पाहते. आयतवारी घेऊनच येते.

बंडूजी : चला मंग. तुमच्या मशीनबिगर टेम्पो घेऊन चाललो, पन मजा आली.

पुंडलिकराव : येजा बंडूजी.

अंजू : गेले. बाबा, गेले. चारच्या चारही इथंच आहे. मले तं नाचावं वाटून राह्यलं. शाळा सुटाले आली, अजून पंधरा मिनिट.

पुंडलिकराव : ते वाक्य तू कुठून आनलं?

अंजू : कोनतं?

पुंडलिकराव : काई हरकत नाई, येजो.

अंजू : तुमच्याच गल्ल्यावरून. गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी तुमी तेच म्हनता. म्हतारं असलं तं येजा, लेकरू असलं तं येजो. कोनी दुकानातून नाराज होऊन जात नाई. म्हनलं, पोट्टे बी जानार नाई.

पुंडलिकराव : ते माहं नाई. माही माय म्हने. मी शाळेत जाओ का बाजारात, दारात उभी राहून एकच, येजो.

अंजू : देवका आजी?

पुंडलिकराव : हो. लाईन सहाले येते ना?

अंजू : सहाले. काऊन?

पुंडलिकराव : बसून पाहीन म्हनतो त्या बदकावर.

अंजू : खरंच? मंग तुमचंबी नाव टाकते. "पडले का पुंडलिकराव? येजा."

पुंडलिकराव : नाई अंजू, माह्यासाठी नको बदलू. येजोच राहू दे. मले येजो म्हननारं आता कोनी राह्यलं नाई.