बावीस नंबरचं लाकूड

नाही म्हणजे नाही, बाई. एक ढलपीसुद्धा आत जाणार नाही. घरच्या अंगणातल्या झाडाचं असू दे, नाहीतर स्वर्गातल्या बागेतलं असू दे — बाहेरचं लाकूड या गेटातून आत जात नाही. येताना रस्त्यावर तीन ठिकाणी पाटी आहे, तुमच्या बुकिंगच्या कागदावर छापलंय, आणि तुम्ही ते ताडपत्रीखाली झाकून आणलंत, वर पोरांची लाइफ जॅकेटं टाकलीत — म्हणजे नियम ठाऊक नव्हता म्हणायचीही सोय ठेवली नाहीत. मागचं दार उघडंच राहू दे, मी सगळं तपासणार आहे. मागच्या गाड्यांना वाजवू दे काय हॉर्न वाजवायचाय तो. लाँग वीकेंडला प्रत्येकाला वाटतं आपणच आधी पोचावं. तळं काय पळून चाललंय?

काय म्हणालात? नासपतीचं? मला नासपती सांगू नका. नासपतीला तो अ‍ॅशच्या झाडाचा किडा लागत नाही हे तुमच्याआधी मला माहीत आहे. पण आज तुमची नासपती सोडली की उद्या दुसरा त्याचं सफरचंद आणतो, आणि परवा कुणीतरी अ‍ॅशचं लाकूड आणून म्हणतो, काका, सफरचंदच आहे. ते बघा — स्वच्छतागृहाच्या पलीकडे, तो उघडाबोडका माळ दिसतोय? तिथं दोनशे बारा अ‍ॅशची झाडं होती. एवढा थोरला घेर एकेकाचा. जुलैत दुपारी बाराला तंबूत उकडायचं नाही, असली सावली. बोटाच्या पेराएवढा हिरवा किडा — दिसायला इतका देखणा की बायकांनी कानात घालावा — तो कुणाच्या तरी सरपणातून आला, आणि पाच वर्षांत सगळं साफ. सालीखाली नुसत्या नागमोडी वाटा. करवती चालल्या तेव्हा मी इथंच उभा होतो. तीन आठवडे चालल्या. आता तिथं तंबू लावणारे मलाच येऊन विचारतात, इथं सावली का नाही हो? काय सांगू?

कोणी आणला? सगळ्या तळ्याला माहीत आहे कोणी आणला. बावीस नंबरच्या जागेवर एक पोर्तुगीज कुटुंब यायचं, दर वर्षी, अख्खा उन्हाळा. मोठा गोतावळा — म्हातारी, पोरंटोरं, जाळीवर सार्डिन मासे भाजायचे, धूर पार बोटींच्या धक्क्यापर्यंत. घरून सगळं आणायचे ते, टेबलंसुद्धा, पडदेसुद्धा. मग लाकूड आणलं असणार नाही? अशीच निळी ताडपत्री असायची त्यांच्या — द्या तो कागद इकडं. नुसता हातात धरून उभ्या राहू नका. चष्मा कुठं गेला — हां. मेडीरोस.

मेडीरोस.

असं होय. तरीच. बावीस नंबरच्या आडेलिनोची मुलगी तुम्ही — तेव्हा दोन वेण्या घालून धक्क्यावरून उड्या मारायची ती? बरं. मग तर बोलायलाच नको, बाई, तुमच्या घराण्यानं तरी या गेटावर लाकूड आणायला नको होतं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. — काय? वडील म्हणाले? ‘एवढं नाव झालंच आहे तर एकदा आणूनच बघू’ म्हणाले? हो, बोलला असेल, त्याला असल्या थट्टा सुचायच्या. पण इथं दोनशे बारा झाडं गेली आहेत, इथं थट्टा चालायची नाही. गुमान लाकूड उतरवा, नाहीतर गाडी वळवा.

नाही, माझ्याशी वाद घालू नका. कोण कुठून लाकूड आणायचं ते मला सांगू नका. आत्ताच तुम्ही म्हणालात की तुम्ही दर वर्षी इथल्याच खोपटातून जळण विकत घ्यायचात — घेत असाल. मेपलचं असायचं, माहीत आहे मला, तुमच्या बाबाच्या ढिगात अ‍ॅशचं एक लाकूड नव्हतं, मी माझ्या डोळ्यांनी —

माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणजे — शेजारी होतो मी, एकोणीस नंबरला. दिसायचं येता-जाता. — हो, ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. मेपल. मग? चौदा वर्षांपूर्वीचं लाकूड कोण लक्षात ठेवतं?

बघू नका अशा माझ्याकडं.

तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम केलं? अहो, मेव्हण्याच्या शेतावर एक झाड वाळलं होतं, दक्षिणेला, चार तासांवर — तो म्हणाला, गार्नेट, ने फुकट, तुझा अख्खा उन्हाळा निघेल — मी ट्रेलर भरला. सालीला भोकं होती. बारीक बारीक. मी पाहिली, खोटं कशाला बोलू, पाहिली, आणि म्हटलं, सुतारपक्षी असेल. तेव्हा कुठं इतक्या पाट्या होत्या? त्या वर्षी व्हर्नाला — माझ्या बायकोला — डॉक्टरांनी ऑक्टोबरपर्यंतची मुदत सांगितली होती. तिला थंडी वाजायची, जूनमध्येसुद्धा, सकाळ-संध्याकाळ शेकोटी लागायची, शेकोटीसमोर खुर्ची टाकून तळं बघत बसायची, आणि तेवढंच तिला हवं होतं, दुसरं काही मागितलं नाही तिनं. मग मी जाळलं, रोज जाळलं, आणि उरलेलं तसंच पडून राहिलं. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये — नाही, मी घोटाळा करतोय. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, वनखात्याचा माणूस आला. एका झाडाची साल सोलून बघितली त्यानं, आणि तो जागोजाग विचारत निघाला, बाहेरून लाकूड कोण आणतं म्हणून. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. व्हर्ना मागं खुर्चीत, घोंगडी घेऊन. माझं लाकूड तिच्या पायाशी. त्याला ओळखू आलं नाही, साल गळून गेली होती. आणि बावीस नंबरवरून सार्डिनचा धूर आला. मी म्हटलं, त्यांना विचारा, ते सगळं घरून आणतात.

तेवढंच म्हटलं. एक वाक्य. त्यांनी आणलं असं मी म्हटलं नाही, एकदाही म्हटलं नाही — ते बाकीच्यांनी म्हटलं. आठवड्यात सगळ्या तळ्यावर बोभाटा झाला. किनाऱ्यावर तुम्ही सतरंजी पसरलीत की लोक आपल्या खुर्च्या उचलायचे, आठवतं का? तुमच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी मेलेले किडे चिकटवले. ते मी नाही केलं. पण मी पुसलेही नाहीत. तुम्ही म्हणाल चोर सोडून संन्याशाला फाशी — म्हणा, माझी ना नाही. आणि तुमचा बाबा शेवटच्या संध्याकाळी माझ्याकडं आला, हातात ताट, सहा मासे, लिंबू, तो तुमचा मक्याचा पाव. त्याचं इंग्रजी ते असं. म्हणाला, गार्नेट, तू सांग ना त्यांना, तू माझं लाकूड पाहिलंस. मी ताट घेतलं. बघतो म्हटलं. मासे खाल्ले — व्हर्नानंही दोन खाल्ले, महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी चवीनं खाल्लं तिनं — आणि सकाळी तुमच्या गाड्या भरताना मी तंबूची चेन लावून आत मूग गिळून पडून राहिलो. खाल्ल्या मिठाला जागलो नाही, झालं? आणि पुढच्या वर्षी उद्यानवाल्यांनी मला बोलावून हा गेटावरच्या पहारेकऱ्याचा अंगरखा दिला. जागरूक माणूस म्हणून. तेव्हापासून या गेटावर एक ढलपी मी आत जाऊ दिलेली नाही. विचारा कुणालाही.

आता हे तुमच्या-माझ्यात राहू दे. म्हाताऱ्याला सांगू नका. आता काय उपयोग — आहे ना तो? म्हणजे जिवंत —

गाडीत?

पुढच्या सीटवर ती टोपी — मी म्हटलं तुमचा नवरा झोपलाय. आणि हे मागचं दार मघापासून सताड उघडं. त्याला ऐकू येतं का अजून? — नीट येतं.

आडेलिनो. नको, उतरू नकोस. बस तू, बस. गुडघे गेलेत तुझे, दिसतंय. — काय म्हणतो? बाई, काय म्हणतो तो, मला तुमची भाषा येत नाही. — कुठला ट्रेलर? — माझा? माझ्याबरोबर उतरवला होता?

हो. हो, खरंच. दुसऱ्या बाजूनं तूच धरत होतास. पाठ दुखत होती माझी, तू न बोलावता आलास. आणि तू तर सुतार, तुला लाकूड वासावरनं कळायचं. भोकं पाहिली असशील तूही. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून — मग बोलला का नाहीस? वनखात्याचा माणूस दहा पावलांवर उभा होता तुझ्या. नुसतं बोट दाखवायचं होतंस माझ्या खुर्चीकडं, त्यांनी मला तासाभरात उठवून बाहेर काढलं असतं, आणि तुझ्या पोरांना — मासे घेऊन आलास माझ्याकडं, माहीत असून? मला शरम वाटावी म्हणून? चौदा वर्षं मी इथं — बाई, सांगा त्याला, उत्तर दे म्हणावं. असा हात हलवू नकोस म्हणावं.

काय म्हणाला? पुन्हा सांगा. सावकाश सांगा.

तासाभरात बाहेर काढलं असतं, तर व्हर्ना कुठं बसली असती, म्हणाला?

दार लावा ते. लाकूड मी उतरवून घेतो, तुम्ही हात लावू नका. ही घ्या पावती, आरशाला अडकवा. जा आता. जा म्हणतो ना, बाई, रांग लागली आहे मागं. तोंड काय बघताय माझं, घ्या गाडी पुढं.

पुढचा.