पऱ्हाटीचा कोळसा आन साधनाचं नाव

— खरं सांगतो पाव्हणं, स्टेरिंगवर हात ठेवून सांगतो, यातला एक शब्द खोटा निघाला तर ही जीप सेनगाव यायच्या आधी बंद पडावी. तशी ती रोजच पडते म्हणा, ते सोडा. बसा, पुढंच बसा, शिटा भरल्याबिगर गाडी हालत न्हाई. तर तुमी साधनाचं इच्यारलं. काहून इच्यारलं? गोरेगावात मानूस सोयाबीनचा भाव इच्यारायला येते, शास्त्रज्ञ पोरीची खबर काढायला न्हाई. आन बुटाला अजून आमची धूळ बी लागली न्हाई तुमच्या. सोयरीक हाय ना? मंग तसं बोला की! चौकशीवाला मानूस लगेच ओळखू येते — पोरीच्या घरी जात न्हाई, आधी जीपवाल्यापाशी येऊन बसते.

तर साधना. पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत हाय. कापूस वेचून झाला की आपण पऱ्हाट्या चुलीत घालतो, तिनं त्या भट्टीत भाजल्या, कोळसा केला, आन त्या कोळशाची बॅटरी केली. त्या बॅटरीवर मी ही जीप सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत नेली आन वापस आणली — काय बघून राहिले? बरं, जीप न्हाई, नुसते दिवे लागले. बरं, दिवे बी न्हाई, एक बारका बल्ब, तो बी तिच्या टेबलावर, मी मोबाइलमधी पाह्यला. पण लागला ना?

मंग तिनं त्याच्यावर लेख लिहिला, आन जगातल्या शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखात तिचं नाव छापलं. समदे लेख धरून आठशे ठिकाणी! मला तवाच शक आला. आपल्याकडं लग्नाच्या पत्रिकेत नाव छापतेत ते भाऊबंदाचं — ते बी त्यानं मागल्या लग्नात आपलं छापलं असंल तर. हे चीनवाले, ब्राझीलवाले हिचे कोण लागतेत? तिलाच इच्यारलं. हसली. म्हणाली, मामा, ज्याच्या कामावर आपलं काम उभं राहते त्याचं नाव घ्यावं लागते. — व्हय, मामाच हाय मी तिचा. काहून, शास्त्रज्ञाच्या मामानं जीप चालवू न्हाई?

आता तुमची गोम कळली मला. मध्यस्थानं आठशे सांगितले, तुमच्या पोरानं नेटवर पाह्यलं तर तीनशेच. पोरगी लबाड हाय का, हे बघायला आलात. बराबर? मंग ऐका. कोळशाचा तो लेख तिनं वापस घेतला, त्याच्या नावावरचे पाचशे बी नेटवरच्या आपल्या यादीतून काढून टाकले. दम कोळशात नव्हताच. ज्या भांड्यात भाजला त्याचं लोखंड त्यात उतरलं होतं — लोखंडी कढईत वांगं काळं पडते, तसं. करामत लोखंडाची आन नाव पऱ्हाटीचं! कोरियातल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं बराबर धरलं. लिहिलं, बाई, तुमचा कोळसा आमच्याकडं चालत न्हाई. मंग काय करंल लेकरू? घेतला वापस.

— आत्ता मान डोलावली तुमी! आत्ता पटलं व्हय? धरली गेली म्हणून कबूल झाली, असं हाय तर. समदे इथंच डोलावतेत. तिची माय, आमची पार्वताक्का, तिनं बी इथंच डोलावली होती, पाव्हणं. सख्ख्या मायनं.

तर तो कोरियावाला मी रचला. व्हय, आख्खा म्हातारा. कुणी धरलं नव्हतं तिला. नावं छापूनच राहिले होते लोक, हिची बढती तोंडावर आलेली, आन हिनं आपल्याच मनानं भांडं बदलून कोळसा पुन्यांदा भाजला. बॅटरीत जीव न्हाई! मंग आपणच लिहून कळवलं — माझं चुकलं, हे काम कुणी धरून चालू नका. बढती गेली. मागल्या पाव्हण्यांना हे जसंच्या तसं सांगितलं, तर म्हणाले, याच्यात आणखी काहीतरी दडलं असंल, आन उठून गेले. म्हणून म्हातारा उभा केला मी. त्याच्यावर इश्वास बसते लोकांचा.

काय म्हणालात? कुणी धरलं नव्हतं, तर सांगितलं काहून?

— उतरा पाव्हणं. मागं न्हाई, खाली उतरा. ओ मावशी, या, पुढं बसा तुमी.