अर्धी मोजलेली काच

हैदराबाद राज्याची वाटणी ठरली होती आणि पुढे कुठल्या राज्यात नोकरी करणार, ते सरकारी माणसांना लिहून द्यायचं होतं. मास्तरीण प्रमिलाबाई अर्ज घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढे वेधशाळेतले दिगंबरराव आणि त्यांचा मेहुणा यांची जुंपली होती, आणि बाईंचे कान तिकडेच लागले होते.

“दाजी, औरंगाबादेला चला. तरक्की आहे, ताईचं माहेर आहे.”

“नक्को रे. माझा तारा अर्धा राहिलाय.”

“कुठला तारा?”

“पांढरा आहे, सूर्याहून कितीतरी तापलेला. पण इतका लांब, की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. फोटोच्या काचेवर तेवढा काळा ठिपका उमटतो.”

“पांढरा तारा काळा?”

“काच निगेटिव्ह असते बाबा. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्याची जागा मोजायची. मग काच उलटी फिरवून पुन्हा मोजायची, ते राहिलंय.”

“ते दुसरा कुणीही मोजेल.”

“नाही चालत. दोन्ही वेळा डोळा एकच लागतो, तरच त्या डोळ्याची चूक निघून जाते. अठरा वर्षांत माझी एकही काच चुकली म्हणून परत आली नाही.”

“आणि ताईला मी काय सांगू?”

“हा अर्ज वाच.”

“‘हैदराबादेतच राहणार.’ दाजी, हे अक्षर तर ताईचं!”

“हौ. मी नुसती सही केली. म्हणाली, अर्धी काच टाकून माहेरी आले, तर भावासमोर मान वर करून बसू कशी?”