आधी तू चमचा उचल

अगं, ऐका ना! काल इथे बहारीनमध्ये, सीफच्या मॉलमध्ये शेजारच्या टेबलावर एक काकू आणि कोरियात शिकणारी त्यांची लेक. कोरियन सूप वाफाळतंय आणि दोघीही खाईनात!

"कश्मिरा, खा बघू. मी घेते मागून."

"नाही. आधी तू."

"हे काय नवीन?"

"तिकडे थोरांनी चमचा उचलल्याशिवाय कुणी खात नाही. मैत्रिणीकडे मी आधी सुरू केलं, तर सगळे बघतच राहिले! तिची आजी म्हणाली, तुमच्याकडे आधी कोण जेवतं?"

"मग?"

"म्हटलं, आधी बाबा, मग आम्ही मुलं. तर म्हणाली, आणि आई?"

"काय सांगितलंस?"

"सांगवलंच नाही. घे ना आई, प्लीज."

मी तर घास तोंडात धरून बसले! काकूंनी घेतला चमचा.

"अगोबाई! केवढं गरम असतं गं!"