रूपजीकाकांनी न खाल्लेला भात

रूपजीकाका, तुम्ही गेलात तरी माझं भांडण मिटलेलं नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्या आईच्या हातचा भात खाल्ला नाही. सगळ्यांना जेवायला बसवलंत आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिलात. का? एक घास घेतला असतात तर काय झालं असतं?

मंडळी, माफ करा. शोकसभेत असं सुरू करत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण काकांशी माझं बोलणं नेहमी इथूनच सुरू व्हायचं. मी किसन, जानकीचा मुलगा. गुजरातेतल्या ओख्याच्या धक्क्यावरून बोलतोय. बोट बर्फ भरायला लागली आहे, तेवढ्यात तांडेलने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, मला मोकळं केलंय. तिकडे माझी बहीण वनिता माइकपाशी फोन धरून उभी आहे. वनिता, हात दुखला तर हात बदल, पण फोन खाली ठेवू नकोस. सहावीत शाळा सोडलेला माणूस मी. गडबड नको म्हणून सगळं कागदावर लिहून घेतलंय.

डहाणूहून दोन्ही पार्ट्यांचे पाहुणे आलेत म्हणे. त्यांना सगळं माहीत नसेल, म्हणून सांगतो.

माझा बाप गेला, त्यानंतर देवजीदादांचा बैल मेला. मग दुसरा मेला. भगताने तांदळाचे दाणे टाकून कौल बघितला आणि माझ्या आईचं नाव घेतलं. भुताळी. म्हणजे करणी करणारी बाई. बोरिंगवर आईची कळशी आली की बाकीच्या कळशा उचलल्या जायच्या. लावणीला तिला कोणी हाक मारेना. मी समुद्रात बोटीवर, वनिता सासरी, आई एकटी. पाडा सोड, असा निरोपही आला.

काका तेव्हा कसले अध्यक्ष नव्हते. पण भांडण झालं की लोक त्यांच्याच खळ्यात जाऊन बसायचे. त्यांनी बैठक बसवली. आधी आईला बोलू दिलं, मग देवजीदादांना. निकाल काय दिला? दंड नाही. पाया पडायला लावलं नाही. म्हणाले, "देवजी, रविवारी तुझं सगळं घर जानकीकडे जेवेल. जेवून उठलात की विषय संपला. नाही आलात, तर मी तिला घेऊन पोलिसात जातो."

मी सुट्टीवर होतो, समोर होतो. आईने भात, उडदाची डाळ आणि सुकट केली होती. पानं वाढली. सगळे बसले. हात कोणी लावेना. भात गार झाला. देवजीदादा म्हणाले, "रूपजी, पहिला घास तू घे. मग आम्ही घेतो."

काका म्हणाले, "मी नाही खाणार."

माझं डोकंच फिरलं. आईने पदर तोंडाला लावला. आणि तेवढ्यात देवजीदादांची नवी सून, कल्पनावहिनी, म्हणाली, "मला भूक लागलीय. सकाळपासून घरात कोणी चूल पेटवली नाही." आणि तिने कालवायला घेतलं. सासू ओरडली, "अगं थांब, मरशील!" वहिनी घास चावत म्हणाली, "डाळीत मीठ कमी आहे."

मंडळी, माझी आई किती तरी दिवसांनी रागावली. "माझ्या डाळीला नाव ठेवतेस होय?" असं म्हणत मिठाचा डबा घेऊन आली. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मग जेवले. देवजीदादा सगळ्यात शेवटी जेवले, पण भात दोनदा मागितला. खोटं असेल तर सांगा, देवजीदादा. समोरच बसला असाल. खाली बघू नका.

पुढे तंटामुक्तीच्या अध्यक्षपदासाठी काकांचं नाव आलं. शहरातल्या लोकांना हे पद बारकं वाटेल. आमच्या पाड्यांचा जज तोच. बाईला नांदवायची की टाकायची, बांध कोणाचा, कोणाला वाळीत टाकायचं, सगळं त्याच खुर्चीपुढे येतं. म्हणून दोन्ही पार्ट्यांना तिथं आपला माणूस पाहिजे होता. आणि काका कोणाचेच नव्हते.

मग काय, ग्रामसभेत त्यांचे जुने निकाल उकरायला सुरुवात झाली. एक पार्टी म्हणाली, हा भगताला मानत नाही, बहिणींना बापाच्या जमिनीत वाटा द्यायला लावतो, चांगल्या घरच्यांना भुताळीच्या दारात जेवायला बसवतो. ह्याला खुर्ची दिली की रीतभात बुडाली. दुसरी पार्टी म्हणाली, हा मवाळ आहे. जादूटोण्याविरुद्ध कायदा असताना केस केली नाही. आणि स्वतः का जेवला नाही? ह्याच्याही पोटात भीतीच होती.

त्या दुसऱ्या पार्टीत मी होतो. आवाजही माझाच मोठा. "काका, उत्तर द्या!"

काका उठले. टोपी नीट केली. म्हणाले, "किसन, तुझ्या जन्माआधीपासून मी त्या घरात जेवतोय. मला भीती कधी नव्हतीच. मग माझ्या खाण्याने काय ठरलं असतं? लोक म्हणाले असते, रूपजीला करणीवरचा उतारा येतो. ज्याला भीती होती, त्यानेच खायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "आणि कोणीच खाल्लं नसतं तर?"

"तर तीच डाळ डब्यात भरून पोलिसात गेलो असतो. साहेबालाच वाढली असती."

सभा हसली. मी हसलो नाही. मग एक पार्टी उठून गेली, ती गेली म्हणून दुसरी गेली. पुढच्या सभांनाही तेच. खुर्ची रिकामी राहिली आणि भांडणं काकांच्याच खळ्यात येत राहिली. सभेत त्यांच्या नावाला विरोध करणारे घरचा तंटा घेऊन मागच्या दाराने यायचे. ह्या पार्टीचेही, त्या पार्टीचेही. काका दोघांनाही चहा द्यायचे.

काका गेल्याचं मला धक्क्याला लागल्यावर कळलं. खरं सांगू? आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. काका गेले म्हणजे त्यांचा निकालही गेला का? उद्या कोणाची शेळी मेली की पुन्हा आईचंच नाव? मी तिला फोन केला, म्हटलं, सामान बांध, इकडे खोली बघतो. तिने मलाच झापलं. "मी तिकडे समुद्र बघत बसू? आणि माझ्या कोंबड्या तू येऊन बघणार?"

मग परवा ग्रामसभा झाली. त्याच खुर्चीसाठी दोन्ही पार्ट्या आपापल्या माणसाचं नाव घेऊन आल्या होत्या. माझी आई उभी राहिली. जी बाई सभेत कधी शेवटच्या रांगेच्या पुढे बसली नाही, ती. तिने नाव सुचवलं: कल्पना. एका पुढाऱ्याने विचारलं, "हिने आजवर कोणता निकाल दिलाय?"

आई म्हणाली, "दिलाय की. माझ्या घरात. डाळीत मीठ कमी."

वनिता सांगते, देवजीदादा सगळ्यात आधी हसले आणि हातही त्यांनीच आधी वर केला. मग दोन्ही पार्ट्यांचे हात वर गेले. वहिनीने पहिलंच काय सांगितलं असेल? रूपजीकाकांनी दिलेले निकाल तसेच राहतील, कोणी उकरायचे नाहीत, असं लिहून घ्या.

मंडळी, दुःख आहेच. पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरलाय. आई एकटी आहे, पण आता एकटी नाही. काका, तुमचं उत्तर मला आता पटतं. सगळं नाही पटत. तुम्ही एक घास घेतला असतात तर आईला बरं वाटलं असतं. ती बोलत नाही, पण मला माहीत आहे. एवढं भांडण मी ठेवून घेतो. तेवढंच तुमच्याशी बोलायला राहील.

काकांच्या नावाची कमान बांधायची म्हणताय, आणि तिच्यावर कोणाचा रंग द्यायचा यावरून कुरबुर सुरू झाली आहे, हेही कानावर आलं. कमानीला माझा रुपया नाही.

आता सगळ्यांनी उभं राहा. दोन मिनिटं कोणीच कोणाच्या पार्टीचं नाही. मीही इथं उभा राहतो. बर्फ फोडायचा आवाज येईल, तो माझ्याने बंद होणार नाही. रूपजीकाका, रामराम घ्या.

आणि वनिता, लोक खाली बसले की कल्पनावहिनीला सांग. तिच्या खुर्चीला पगार नाही. कुठल्याही बाईला भुताळी म्हटलं, तर तिला घेऊन तलासरीला पोलिसात जायचं, गरज पडली तर डहाणूच्या कोर्टापर्यंत जायचं, आणि ती बाई कोणत्या पार्टीची हे विचारायचं नाही. गाडीभाडं माझं. पहिले म्हणून दोन हजार रुपये पाठवतोय.